टर्कीचा माउथ कॉल: घ्यायचा कोणता, खर्च किती

अमेरिकेत मार्च लागला की दक्षिणेकडच्या राज्यांत रानटर्कीच्या शिकारीचा वसंत हंगाम सुरू होतो आणि मेअखेरपर्यंत उत्तरेकडे सरकत जातो. ऑफिसातला एखादा सहकारी ‘यंदा चल आमच्याबरोबर’ म्हणतो. मग आपला मराठी माणूस बास प्रो शॉप्समध्ये किंवा वॉलमार्टात जातो आणि रंगीबेरंगी पाकिटांनी भरलेल्या भिंतीसमोर गोंधळून उभा राहतो. त्या भिंतीपाशी पाच मिनिटांत शंभर डॉलर उडवता येतात. गरज आहे पन्नासेकांची.

माउथ कॉल, म्हणजेच डायफ्राम कॉल, ही नालेच्या आकाराची छोटी चौकट. तिच्यात लॅटेक्सचे एक ते चार पातळ पडदे ताणून बसवलेले असतात (त्यांना रीड म्हणतात) आणि कडेने टेप असते. तो टाळूला चिकटवायचा, जिभेने अलगद दाबायचा आणि हवा सोडून मादीचा आवाज काढायचा. साधा कॉल सहा ते दहा डॉलरला मिळतो, नावाजलेल्या कंपनीचा दहा ते पंधराला. तिनांचं पाकीट वीस ते तीसच्या आसपास पडतं. वर राज्याचा सेल्स टॅक्स. तोंडात घालायची वस्तू असल्याने पाकीट फोडल्यावर दुकानदार ती परत घेईल, ही आशा ठेवू नका.

नवशिक्याने दोन रीडचा, बिनकापाचा किंवा अगदी लहान काप असलेला कॉल घ्यावा. तीन-चार रीडच्या कॉलला हवा जास्त लागते. बॅटविंग, घोस्ट कट, कॉम्बो कट ही नावं रीडच्या वरच्या थराला दिलेल्या कापांची. त्यांनी आवाजाला खरखर येते, पण मुळात आवाजच निघत नसताना खरखर काय कामाची? टाळू अरुंद असेल किंवा उलटीची भावना चटकन होत असेल तर लहान चौकटीचा कॉल मागा. कडेची जादा टेप कात्रीने थोडी थोडी कापली तरी चालते. लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र या भानगडीत पडू नये.

खरं तर दुकानातून पहिल्यांदा उचलायचा तो बॉक्स कॉल. लाकडी पेटीवर झाकण घासून आवाज काढणारं हे साधन आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये पेटंट केलं. वीस ते चाळीस डॉलरात चांगला मिळतो आणि त्याच संध्याकाळी त्यातून ऐकण्याजोगा आवाज निघतो. मग माउथ कॉल कशाला? कारण टर्कीची नजर. नर चाळीस-पन्नास यार्डांवर आला की तुमचं बोट हललेलंही त्याला दिसतं. तेव्हा दोन्ही हात बंदुकीवर हवेत आणि आवाज तोंडातूनच यायला हवा. माउथ कॉलचं काम एवढंच धरलं, तर पहिल्या वर्षी दोनच आवाज पुरतात: एकटा ‘क्लक’ आणि हलकासा ‘येल्प’. पर, कटिंग, की-की, कॅकल पुढच्या वर्षी. शिवाय निसर्गात नर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. तुम्ही उलटं घडवायला निघालेले आहात. मादी सारखी बोलत राहिली की ती येतेच आहे असं समजून नर जागेवर थांबतो. कमी वाजवणाराच इथे फायद्यात.

आता शिकण्याकडे. उघडी, सरळ बाजू दातांकडे, चौकटीचा फुगवटा वर टाळूकडे, आणि रीड लहान-मोठ्या असतील तर सर्वांत आखूड रीड खाली. हवा गालांतून फुंकायची नाही. चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर जसा ‘हा’ करतो, तशी ती पोटातून सोडायची. सुरुवातीला नुसती फुसफुस होईल. जिभेचा दाब किंचित वाढवत गेलात की उंच, सरळ सूर लागेल. तो हुकमी लागेपर्यंत दुसरं काही करू नका. मग सूर चालू असतानाच जबडा खाली सोडा. उंच सूर मोडून खालचा, जाड सूर येतो. हा मोड म्हणजेच येल्प. ओठांनी ‘चॉक, चॉक’ म्हणत राहिलं की जबडा आपोआप हलतो. क्लकसाठी तोच आवाज तोडून, एका ठोक्यात. रोज दहा मिनिटं पुरतात. तासभर बसलात तर टाळू हुळहुळतो. जागा म्हणाल तर मोटार. ऑफिसला जाता-येता खिडक्या लावून वाजवा, घरचे दुवा देतील.

शिकवणीला पैसे मोजू नका. कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले लायब्ररीत खऱ्या टर्कींचे आवाज फुकट ऐकता येतात. आधी ते ऐका, शिकवणारे व्हिडिओ नंतर. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनच्या गावोगावी शाखा आहेत आणि तिथली जुनी मंडळी हौसेने शिकवतात. स्पर्धेतल्या वादकांसारखं सुरेल वाजत नाही म्हणून खट्टू होऊ नका. रानातल्या कित्येक माद्या त्यांच्यापेक्षा बेसूर असतात.

परवान्याचा खर्च मात्र टळत नाही आणि तो राज्यागणिक बदलतो. पेनसिल्व्हेनियात रहिवाशाचा मूळ परवाना २०.९७ डॉलर, त्यात वसंतातला एक टर्की येतो. टेक्ससमध्ये रहिवाशाला २५ डॉलर आणि वर पक्ष्यांसाठीचे ७. परराज्यातल्याला याच्या कितीतरी पट पडतात, म्हणून राहत्या राज्यातच सुरुवात करा. दर निघण्याआधी राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर तपासा. बहुतेक ठिकाणी शिकारीचा सुरक्षा-अभ्यासक्रमही सक्तीचा आहे. एच-१बी सारख्या व्हिसावर असणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. अशा व्यक्तीला बंदूक, अगदी उसनीसुद्धा, जवळ बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. राज्याचा चालू मुदतीचा शिकार-परवाना असणं हा त्याला एक अपवाद आहे. बंदुकीला हात लावण्यापूर्वी वकिलाला विचारून घ्या. आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद आहे, तेव्हा सुट्टीला गावी गेल्यावर हा कॉल मोरांवर आजमावू नका.

पैशांत न मोजता येणारा एक धोकाही आहे: चांगला आवाज माणसांनाही ओढून आणतो. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसा. टर्कीच्या आवाजाचा माग काढत चालत जाऊ नका, आणि सार्वजनिक रानात नराचा ‘गॉबल’ अजिबात वाजवू नका.

वापरून झाल्यावर कॉल पाण्याने धुवा, वाळवा आणि रीडमध्ये टूथपिक सरकवून ठेवा, म्हणजे त्या एकमेकींना चिकटत नाहीत. ऊन आणि उष्णता लॅटेक्सला मारक, म्हणून मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. हंगाम नसेल तेव्हा फ्रिजमध्ये, झाकणाच्या डबीत. रीड सैल पडली किंवा कड सुरकुतली की कॉल फेकून द्यायचा. त्यावर दुरुस्ती नाही. दर वर्षी दोन नवे लागतील असं धरा, म्हणजे वीसेक डॉलर. जूनमध्ये दुकानं उरलेला माल उतरत्या भावाने काढतात, पण तेव्हा घेतलेला कॉल पुढच्या मार्चपर्यंत जुना होतो. स्वस्तात घ्यायचाच तर बॉक्स कॉल घ्या.