उन्हात रुसणारी मोटार
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या तारांच्या वाटेला जाऊ नये, असा एक समज आहे. तो बाजूला सारून मी हा लेख लिहीत आहे. तर्कशास्त्राच्या तासाला जे पाठ केले, त्याचा खरा उपयोग मला एका खेळण्यातल्या मोटारीने दाखवून दिला.

माझ्या धाकट्या भावाने वर्षभर पैसे साठवून रिमोटवर चालणारी एक जुनी मोटार विकत घेतली. सकाळी ती अंगणात वाऱ्यासारखी पळे. पण आमच्या अकोल्याचे मे महिन्यातले ऊन! पारा ४४ अंशांवर गेला की सात-आठ मिनिटांत गाडी बंद पडे आणि सावलीत थोडी विसावली की पुन्हा चालू लागे. एकदा तर ती हुकूम न ऐकता तशीच घरंगळत तुळशीवृंदावनावर आदळली. “उन्हाने सिग्नल जातो,” असे सांगून दुकानदाराने नवा रिसीव्हर बसवून दिला. भावाचे उरलेसुरले पैसे गेले. दुखणे मात्र राहिले. “तूच कुठे तरी आपटली असशील,” असे मी त्याला सर्वांदेखत बोललो. तो काही बोलला नाही.

शेवटी शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांची हयात रेडिओ दुरुस्तीत गेलेली. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. एवढेच विचारले, “बंद पडते हे समजले. बंद पडल्यावर चालू काय काय राहते?” याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

येथे गाडीची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. निकोला टेस्ला याने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी हुकुमावर चालणारी नाव लोकांना दाखवली. मूळ योजना आजही तीच आहे. हातातला ट्रान्समीटर लहरी सोडतो. गाडीतला रिसीव्हर त्या ओळखून दोघांना हुकूम देतो : पुढची चाके वळवणाऱ्या सर्वोला आणि मोटरला वीज सोडणाऱ्या स्पीड कंट्रोलरला. आमच्या गाडीत रिसीव्हरला स्वतंत्र बॅटरी नाही. स्पीड कंट्रोलरमधलाच एक रेग्युलेटर मुख्य बॅटरीचा दाब ५ व्होल्टपर्यंत उतरवून रिसीव्हरला व सर्वोला पुरवतो.

आता काकांच्या प्रश्नाचे मोल लक्षात येईल. अंगणाएवढ्या अंतरात तापलेली हवा लहरींना अडवत नाही. उष्णता त्रास देते ती यंत्राच्या आत. म्हणून तीन शक्यता वेगळ्या केल्या पाहिजेत.

१) चाके वळतात, पण गाडी धावत नाही. अशा वेळी सिग्नल शाबूत असतो. तापलेल्या स्पीड कंट्रोलरने स्वतःच्या बचावासाठी मोटर तोडलेली असण्याचा संभव अधिक.

२) काहीच हलत नाही, पण रिसीव्हरचा दिवा ‘सिग्नल नाही’ अशी खूण देतो. ही खूण आधी ओळखून ठेवावी : चाके जमिनीपासून उचलून ट्रान्समीटर बंद करावा व दिवा कसा वागतो ते पाहावे. येथे मात्र एरिअल व सांधे तपासावेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १२.५ सेंटिमीटर; तिचा चतुर्थांश, म्हणजे सुमारे ३१ मिलिमीटर, एवढे एरिअलचे टोक उघडे लागते. ते तुटले किंवा धातूला चिकटून राहिले की पल्ला घटतो. डाखाचा तडकलेला सांधाही तापल्यावर फाकतो व थंड झाल्यावर पुन्हा जुळतो.

३) दिवाच विझतो. म्हणजे सिग्नल गेलेला नाही. रिसीव्हरची वीजच गेली आहे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघे भाऊ अंगणात बसलो. गाडी थांबली. दिवा विझलेला होता!

आता हिशेब सोपा झाला. दोन सेलची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते. आमचा रेग्युलेटर जुन्या साध्या पद्धतीचा, वरचे ३.४ व्होल्ट तो उष्णता करून उडवतो. सर्वोने १ अँपिअर घेतला तर नखाएवढ्या तुकड्यात ३.४ वॅट उष्णता साचते. सकाळी ती बाहेर पडते. दुपारी भोवतालच तापलेला, मग रेग्युलेटर स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा बंद करतो.

पण अनुमान म्हणजे सिद्धता नव्हे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात जी व्यतिरेक पद्धती सांगितली, ती येथे कामी आली : बाकी सर्व तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची. स्पीड कंट्रोलरकडून रिसीव्हरकडे येणारी लाल तार सोडवून तिचे टोक चिकटपट्टीने झाकले आणि चार लहान सेलांची ६ व्होल्टची वेगळी पेटी रिसीव्हरला जोडली. तेच ऊन, तेच अंगण. गाडी थांबली नाही. पुन्हा लाल तार जोडली, पेटी काढली, गाडी थांबली. नव्या रिसीव्हरवरचा खर्च व्यर्थ होता, हे तेव्हा सिद्ध झाले.

तरी एक प्रश्न उरलाच : सर्वो एवढी वीज का ओढतो? खालचे झाकण काढले. चाके वळवणारी दांडी वाळलेल्या चिखलाने घट्ट बसली होती. सर्वो सारखा तिच्याशी झुंजत होता. आणि वाफ्यातल्या चिखलात ती गाडी कोणी घातली होती? भावाने नव्हे. तो शाळेत असताना मीच ती चोरून चालवली होती.

दांडी साफ केली, वरच्या कवचाला हवेसाठी भोके पाडली आणि कमी तापणारा स्विचिंग जातीचा रेग्युलेटर वेगळा बसवला. लाल तार मात्र सुटीच ठेवली, कारण दोन पुरवठे एकत्र जोडू नयेत. बॅटरीही आता उन्हात ठेवत नाही. गाडी दुपारी चालते.

भावाची माफी मी आईसमोरच मागितली, कारण दोषही सर्वांदेखत दिला होता. “सिग्नल गेला” हे आम्ही निदान समजून बसलो होतो; ते नुसते लक्षण होते. “तूच आपटली असशील” हे तर लक्षणही नव्हते. तर्कशास्त्राच्या वहीत कार्यकारणभावाची व्याख्या मी परीक्षेपूर्वीच लिहून ठेवली होती. ती वाचायला मला एक तापलेली मोटार लागली.