विटाळ आणि प्रदूषण

प्रदूषण हा शब्द आपल्या समाजाला नवा असला, तरी ती भीती नवी नाही. पाणी, अन्न, भांडे, इतकेच काय पण सावलीसुद्धा 'बाटण्याची' धास्ती येथे शतकानुशतके होती आणि तिच्यासाठी 'विटाळ' असा नेमका शब्दही होता. मात्र या विटाळाचा प्रत्यक्ष घाणीशी संबंध नव्हता. पाण्यात काय मिसळले हे पाहिले जात नसे. पाण्याला कोणी स्पर्श केला, एवढेच पाहिले जाई. पर्यावरणाविषयीची आजची लोकजागृती वारंवार अडखळते, त्याचे एक मूळ मला या जुन्या सवयीत दिसते.

याचा ठळक पुरावा महाडला मिळतो. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलने 1923 मध्ये संमत केला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, आणि 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी सहकाऱ्यांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे सनातन्यांनी तळ्याची 'शुद्धी' केली. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या 108 घागरी मंत्रोच्चारांत पाण्यात रित्या करून! इतिहासाच्या तासाला हा प्रसंग आपण शिकवतोच. तो विज्ञानाच्या तासालाही शिकवावा. माणसाच्या ओंजळीने त्या पाण्याचे काहीच बिघडले नव्हते. जनावरांच्या मलमूत्रातून रोगजंतू पाण्यात जातात, हे मात्र आज आठवीचा विद्यार्थीही सांगेल.

बौद्ध परंपरेची दृष्टी याच्या नेमकी उलट आहे. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. पाण्यात किंवा हिरवळीवर थुंकू नये, मलमूत्र विसर्जन करू नये, असे विनयाचे नियम आहेत. सूट आहे ती केवळ आजारी भिक्खूला. वर्षावासही लोकांच्या तक्रारीतूनच सुरू झाला. पावसाळ्यात फिरणारे भिक्खू कोवळे गवत आणि सूक्ष्म जीव तुडवतात, अशी ती तक्रार होती आणि तथागतांनी ती मान्य केली. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात तर, ज्यात जीव आहेत असा भुसा जाळू नये आणि विनाकारण वने पेटवू नयेत, अशी आज्ञा आहे.

ही आज्ञा वाचताना आपल्या परंडा भागातील उसाचे फड डोळ्यांपुढे येतात. तोडणी झाली की पाचटाला काडी लावायची, हे ठरून गेलेले. एका हेक्टरात 8 ते 10 टन पाचट निघते. ते सरीत पसरून त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजविणारे जिवाणू टाकले, तर त्याचे खत होते आणि जमिनीतील ओलही टिकते. आपल्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही ओल काय मोलाची असते, ते शेतकऱ्याला मी सांगावे असे नाही. तरीही काडी लागते, कारण धुराला आपण घाण मानत नाही.

विहिरीच्या पाण्याचे तसेच. पिकाने न घेतलेला युरियाचा अंश नायट्रेटच्या रूपाने जमिनीत झिरपतो आणि विहिरीत, बोअरमध्ये उतरतो. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळले तरी तो जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. ती ओलांडल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. म्हणून पाणी 'नितळ दिसते' यावर न थांबता तपासणीचा अहवाल मागावा. पाण्याच्या स्रोतांच्या सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे किती पालकांना ठाऊक आहे?

सोनारीला काळभैरवनाथाच्या दर्शनाला येणारी गर्दी आणि येथील माकडे सर्वांना परिचित आहेत. भाविक गेल्यावर मागे राहिलेल्या पिशव्या आणि वेष्टने माकडे चिवडतात. परंतु केवळ यात्रेकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर आपण श्रद्धेने भोजनदान करतो. त्यानंतर पत्रावळ्या, पेले आणि पाण्याच्या बाटल्या यांचे ढीग उरतात. ते उचलणारे सफाई कामगार बहुतांशी आपल्याच समाजबांधवांपैकी असतात. ज्या व्यवस्थेने आपल्या हाती झाडू दिला, तिच्याविरुद्ध बोलून झाल्यावर आपणच कोणासाठी तरी कचरा टाकून यायचा, हे मला तरी पटत नाही. ताट-पेला घरून नेणे एवढे काही अवघड नाही.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला बंदी घालणारा 2013 चा कायदा त्याच वर्षी 6 डिसेंबरला, म्हणजे महापरिनिर्वाणदिनीच, अमलात आला. गटारात मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबाला 10 लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले; 2023 मध्ये ही रक्कम 30 लाख केली. रक्कम वाढली, पण मृत्यू थांबलेले नाहीत. आता खेड्यांतही घरोघरी शौचालयाच्या टाक्या झाल्या आहेत आणि त्या कधी ना कधी भरणारच. तेव्हा टाकीत माणूस उतरवू नये, उपसा करणारी गाडीच बोलवावी. आणि गाडी येईपर्यंत झाकणापाशी कोणी वाकू नये. आतील हायड्रोजन सल्फाइड वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, परंतु त्याचे प्रमाण वाढले की तो प्रथम नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला.