वळीव का अडतो?

वैशाखातील दुपार. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नडच्या माळरानाला ऊन भाजून काढीत असते. सातमाळ्याच्या रांगेवर, गौताळ्याच्या रानावर कापसासारखे ढग डोके वर काढतात आणि घटकाभरात विरून जातात. शेतात काढलेला कांदा उघडा पडलेला असतो. तो आज झाकावा की आणखी वाळू द्यावा, हे शेतकऱ्यास ठरविता येत नाही. असे चार-चार दिवस जातात. मग एके दिवशी सायंकाळी वळीव असा कोसळतो की, झाडे उन्मळून पडतात. इतके दिवस त्याला कोणी अडविले होते?

अडविणारी असते हवाच! तापलेल्या जमिनीजवळची हवा हलकी होऊन वर चढते. चढताना, ढग बनेपर्यंत, ती दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने निवते. भोवतालच्या हवेपेक्षा ती उबदार असेल, तोवरच वर जाऊ शकते. परंतु एक-दोन किलोमीटर उंचीवर पुष्कळदा कोरड्या, उष्ण हवेचा थर पसरलेला असतो. तेथे पोचलेली हवा भोवतालाहून थंड ठरते आणि तिची वाट खुंटते. पातेल्यावर झाकण ठेवावे, तसाच हा थर होय.

झाकणाखाली समुद्राकडून आलेली वाफ साठत राहते, ऊनही वाढत राहते. झाकण नसते, तर लहानसहान सरींत ही शक्ती थोडी थोडी खर्ची पडली असती. आता ती शिल्लक राहते. म्हणूनच अडलेला वळीव पुष्कळदा अधिक दांडगा असतो. झाकण फारच घट्ट असेल, तर मात्र तो येतच नाही.

कधी ऊन पुरेसे चढते, कधी दोन दिशांचे वारे एकमेकांस भिडतात, तर कधी डोंगराचा चढ हवेला उचलतो. दूरच्या वादळातून सुटलेला गार वारासुद्धा पुरेसा होतो. हवा एकदा झाकणापार गेली की, वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता तिला आणखी वर नेते. ढगाचा माथा १० किलोमीटरांच्याही वर जातो. तेथील कडाक्याच्या थंडीत गारा बनतात. बर्फाचे कण एकमेकांवर आदळून ढगात वीज साठते. वरची हवा फार थंड असेल, तर वैशाखाचीही गरज नसते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मराठवाड्यातील गहू, हरभरा व ज्वारी गारांनी झोडपून निघाली.

हा थर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हवामान खाते निवडक केंद्रांवरून रोज फुगे सोडते. त्यांस बांधलेले यंत्र उंचावरचे तापमान व ओलावा कळविते. झाकण आहे, हे सकाळीच समजते. ते कन्नडवर उघडेल की घाटाखाली चाळीसगावकडे, हे मात्र ढग चढू लागल्यावरच कळते. तोपर्यंत शेतकऱ्याने कांद्यावर ताडपत्री ओढलेली असते.