शनिवार तेली

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे एक प्राचीन दफनभूमी आहे. बेने इस्राएल, म्हणजे मराठी भाषा बोलणारे ज्यू लोक, या भूमीला आपले मूळ स्थान मानतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले व केवळ सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते.

धर्मग्रंथ समुद्रात गेले. स्मरणात उरली एक प्रार्थना आणि काही आचार. कोकणात स्थिरावल्यावर या लोकांनी तेलाचा घाणा चालविला. शनिवार हा त्यांच्या धर्मातील विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी घाण्याचा बैल मोकळा राही. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले, 'शनिवार तेली'. रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर, चेऊलचे ते चेऊलकर झाले. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. पुढे तर हिब्रू धर्मकथांवर त्यांनी मराठी कीर्तनेही रचली. आपला धर्म पाळण्यासाठी त्यांना कोणापासून लपावे लागले नाही.

घाण्यावरून हा समाज हळूहळू सार्वजनिक जीवनात आला. सैन्यात नावलौकिक मिळविलेल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. 'दयेचे द्वार' असा त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये शाळा काढली. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनी पुढे याच शाळेची धुरा अनेक वर्षे वाहिली. १९३७ मध्ये डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले.

याच सुमारास युरोपात निराळेच दृश्य दिसत होते. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली. केवळ ज्यू म्हणून शिक्षकांना शाळांतून व न्यायाधीशांना न्यायासनावरून दूर करण्यात आले. शेजाऱ्यांनी प्रथम बोलणे सोडले, मग ओळख सोडली. महायुद्ध संपेपर्यंत सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या झाली. त्या संकटातून निसटून काही कुटुंबे मुंबईस आली. त्यांच्या साहाय्यार्थ येथील ज्यूंनी १९३४ मध्ये संस्था स्थापिली. आकाशवाणीच्या प्रारंभी वाजणारी परिचित धून वॉल्टर कॉफमन या अशाच एका निर्वासित संगीतकाराची मानली जाते.

अवहेलना नेहमी परक्यांकडूनच होते असे मात्र नाही. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल नव्या इस्राएल देशात जाऊन राहिले. १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहप्रसंगी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांनी ग्रंथावाचून शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांच्याच ज्यूपणाविषयी शंका घेतली गेली! हा अपमान त्यांनी मुकाट्याने गिळला नाही. १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेमला ठिय्या दिला. अखेर तेथील संसदेने त्यांच्या संपूर्ण समानतेचा पुरस्कार केला व आदेशातून त्यांचे नाव वगळले गेले.

द्वेषाची झळ मुंबईलाही एकदा लागली. २००८ च्या नोव्हेंबरात शहरावर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा कुलाब्यातील नरिमन हाउस हे ज्यूंचे केंद्र मुद्दाम हेरण्यात आले. तेथील धर्मगुरू, त्यांची पत्नी व अन्य चौघे मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या बालकाला सँड्रा सॅम्युएल या त्याच्या दाईने जिवावर उदार होऊन बाहेर आणले. ती ख्रिस्ती होती. मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना आपल्या दफनभूमीत जागा देण्यास मुंबईच्या मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला. निरपराधांची हत्या करणारे आमचे नव्हेत, हे त्यांनी कृतीने सांगितले.

आज महाराष्ट्रात हा समाज संख्येने अगदी लहान उरला आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने त्याला अल्पसंख्याक दर्जा दिला. परंतु केवळ शासनाच्या आदेशाने कोणी निर्भय होत नाही. मोठ्या समाजात लहान समाजाला आपले नाव, आपला देव, आपला वार लपवावा लागत नसेल, तरच तो मोठा समाज खरोखर मोठा म्हणावा. कोकणातील निरक्षर गावकऱ्यांना हे कोणी शिकविले नव्हते. शनिवारी घाणा बंद दिसला, तर ते रविवारी तेल आणीत.

स्वाध्याय

१. 'शनिवार तेली' हे नाव कसे पडले?
२. १९६४ मध्ये बेने इस्राएल लोकांनी कोणत्या अन्यायाचा प्रतिकार केला? कोणत्या मार्गाने?
३. 'शेजाऱ्यांनी प्रथम बोलणे सोडले, मग ओळख सोडली.' या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. वर्गातील एखाद्या मुलाला त्याच्या जातीवरून वा धर्मावरून कोणी चिडविले, तर इतरांनी काय करावे? दहा ओळी लिहा.