हृदयस्नायूचा विकार आणि एक चिमुकला रेणू

मनुष्याचे हृदय मिनिटास सुमारे ७२ वेळा, म्हणजे दिवसात लाखभर वेळा आकुंचन पावते. हा सारा भार त्याच्या स्नायूवर असतो. काहींच्या बाबतीत हा स्नायू दुर्बळ होऊन हृदयाचे कप्पे फुगतात, तर काहींमध्ये तो वाजवीपेक्षा जाड होतो. अशा विकारांस 'कार्डिओमायोपॅथी' किंवा हृदयस्नायुविकार म्हणतात. तपासणीत दोघा रुग्णांची हृदये सारखीच दुबळी दिसावीत, परंतु औषधोपचाराने एकाने सुधारावे व दुसऱ्याने खालावत जावे, असेही घडते. हा भेद आधीच ओळखता येईल काय?

पेशीतील डीएनए हा मूळ ग्रंथ मानला, तर संदेशवाहक आरएनए ही त्यातील एखाद्या पानाची नक्कल होय. त्या नकलेवरून प्रथिन तयार होते. १९९३ साली अमेरिकेतील व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन यांच्या संशोधनातून, मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत, सुमारे २२ घटकांचा एक आरएनए अशा नकलेस चिकटून प्रथिननिर्मितीस आळा घालतो, असे दिसून आले. हाच मायक्रोआरएनए. या शोधाबद्दल उभयतांस २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मानवी हृदयातही असे अनेक रेणू आहेत. २००७ साली डॅलस येथील शास्त्रज्ञांनी 'मायक्रोआरएनए-२०८' नसलेले उंदीर तपासले. त्यांच्या हृदयावर ताण दिला, तरी ते नेहमीप्रमाणे जाड झाले नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका संशोधनात 'मायक्रोआरएनए-१३३' चे प्रमाण जाड झालेल्या हृदयात घटलेले आढळले. उंदरांमध्ये तो मुद्दाम रोखताच हृदय वाढू लागले. सारांश, एक रेणू या वाढीस साहाय्य करतो, तर दुसरा तिला लगाम घालतो.

यांपैकी काही रेणू रक्तातही सापडतात. म्हणून संशोधक रुग्णांच्या रक्तातील त्यांचे प्रमाण मोजतात, पुढे कित्येक महिने वा वर्षे त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवतात, आणि या दोहोंत काही मेळ बसतो काय हे पाहतात. येथे मात्र सावधगिरी हवी. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, हे तर्कशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण आहे. धूर हे अग्नीचे चिन्ह होय, कारण नव्हे. धूर हाकलल्याने अग्नी विझत नाही. त्याचप्रमाणे रक्तात वाढलेला रेणू रोगाचे कारण असेल, परिणाम असेल, किंवा वय, मूत्रपिंडाचा विकार वा चालू औषध यांमुळेही वाढलेला असेल. उंदरांवरील प्रयोगात रेणू काढून पाहता आला, म्हणून तेथे कारणाविषयी बोलता आले. केवळ रक्ताच्या मोजणीवरून तसे बोलता येत नाही.

तथापि चिन्हाचेही मोल असते. धूर वेळीच दिसला तर घर वाचते. परंतु ते चिन्ह निरनिराळ्या रुग्णालयांतील पुष्कळ रुग्णांमध्ये तितकेच खरे ठरले पाहिजे. मायक्रोआरएनएची ही परीक्षा अद्याप पुरी झालेली नाही. म्हणून आजही डॉक्टर प्रामुख्याने हृदयाचा विद्युत् आलेख, सोनोग्राफीसारखी 'इको' तपासणी, रक्ताच्या रूढ चाचण्या आणि कुटुंबातील रोगाचा इतिहास यांवरच विसंबतात. घरात कोणास हा विकार असेल, तर तो इतिहास डॉक्टरांना न लपवता सांगणे, हे आपल्या हातचे आहे.