समोरून जीप आली की...

अगं, गाडीचा तो आवाज खरा आहे. तुला भास होत नाहीये. गॅरेजवाल्यांनी चक्कर मारली तेव्हा तो आला नाही, एवढंच. तेवढ्यावरून "काही नाही ताई, जुनी गाडी आहे, चालायचंच," असं म्हणून त्यांनी तुझी बोळवण केली, आणि तुझाच तुझ्या कानांवरचा विश्वास उडाला. काल फोनवर तुझा पडलेला आवाज ऐकून मला जास्त वाईट वाटलं ते त्याचं. शाळेसाठी जुन्नर ते घाटघर रोज जातेयेतेस तू. ती गाडी नीट चालली की कशी वाटते आणि बिघडली की कशी, हे तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? म्हणून आज निवांत बसून लिहितेय. वाच आणि गाडीच्या कप्प्यात ठेव.

तू मला सारखं सांगत होतीस, "डावीकडून, पुढून, खट् असं वाजतं." पण आवाज कुठून येतो यावर फार भिस्त ठेवू नकोस. गाडीचा पत्रा आवाज लांबवर वाहून नेतो. खाली चाकापाशी वाजलेलं डॅशबोर्डमधून आल्यासारखं वाटतं आणि डिकीतलं थेट पाठीमागे सीटखाली. म्हणून मी तुला "कधी येतो?" हे खोदून खोदून विचारत होते. त्यावर तू जरा ओशाळून म्हणालीस, "हसू नकोस, पण समोरून जीप आली की येतो."

मी कशाला हसू? सगळ्या बोलण्यात कामाचं वाक्य तेच होतं. आता बघ, आपटाळे सोडलं की तुझा रस्ता अरुंद होतो. समोरून माणसांनी भरलेली जीप आली की साइड द्यायला तू गाडी डावीकडे घेतेस. डांबराची कड पावसाने खचलेली, साइडपट्टी खाली गेलेली. तुझी डावी चाकं तिथे धपकन उतरतात, उजवी डांबरावरच राहतात. जीप गेली की डावी चाकं पुन्हा वर चढतात. खट् वाजतं ते याच वेळी, हो ना?

गाडीच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक लोखंडी बार असतो, वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून. दोन्ही चाकं एकदम वरखाली झाली तर तो बार नुसता फिरतो, त्याच्यावर ताण येत नाही. एकच चाक खाली गेलं तर मात्र तो पिळला जातो आणि त्याला धरणाऱ्या लिंक रॉडवर, बुशवर जोर येतो. लिंक रॉडचा सांधा झिजलेला असेल किंवा बुशचं रबर मेलेलं असेल तर तिथेच खट् होतं. गॅरेजवाल्यांनी गाडी कुठे चालवून बघितली? गावातल्या सपाट रस्त्यावर आणि स्पीडब्रेकरवर. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं बरोबरच चढतात. मग आवाज यावा कसा? त्यांनी खोटं सांगितलं नाही, त्यांच्या रस्त्यावर तो खरंच आला नाही.

तरी हा माझा अंदाज आहे. "ताई म्हणाली" म्हणून लगेच पार्ट बदलून घेऊ नकोस. आधी खात्री कर.

सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी पूर्ण रिकामी कर. वह्यांचे गठ्ठे, छत्री, पाण्याची बाटली, दाराच्या कप्प्यातली चिल्लर, सगळं बाहेर. डिकीतला जॅक आणि पाना तपासणी होईपर्यंत काढून घरात ठेव. स्टेपनीचा बोल्ट हाताने हलवून बघ, सैल असेल तर आवळ. मागच्या रिकाम्या सीटच्या बेल्टचं बक्कल प्लॅस्टिकवर आपटतं, तेही अडकवून टाक. किल्लीला लावलेला तो जाड जुडगाही काढ, स्टिअरिंगखाली तो किती वाजतो ते तुला माहीत नाही. एवढं करून आवाज गेला तर देवाचे आभार मान. नाही गेला तर निदान हा सगळा पसारा संशयातून सुटला.

मग शेजारी कुणाला तरी बसव आणि मागेपुढे वाहन नाही अशा सरळ जागी चालण्याच्या वेगाने डावी चाकं कडेवरून खाली उतरव, पुन्हा वर घे. पुढे तसंच उजव्या चाकांचं कर. नंतर स्पीडब्रेकरवरून सरळ जा. एका बाजूची चाकं उतरता-चढतानाच आवाज आला तर लिंक रॉड किंवा बारचे बुश. स्पीडब्रेकरवरही आला तर शॉकॲब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट यांच्याकडे बघायला लागेल. फोनवर रेकॉर्डिंग आधीच सुरू करून फोन शेजारी बसलेल्याच्या हातात दे, आणि तू मोठ्याने बोलत राहा: "आता ब्रेक दाबला, आता वळले, आता खड्डा." फोनच्या माइकला बारीक किणकिण नीट पकडता येते, जड धप् आवाज येतोच असं नाही. तुझं बोलणं मात्र त्यात नक्की राहील, आणि मिस्त्रीला नेमकं तेच लागतं.

हे एकदा अंगवळणी पडलं ना, की पुढचे आवाजही तू स्वतःच धरशील. उभ्या गाडीत रेस दिल्यावर जो वाजतो त्याचा चाकांशी संबंध नाही. तो इंजिनचा, बेल्टचा नाहीतर सायलेन्सरचा. चालत्या गाडीत, सपाट मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून बघ. आवाज बदलला तर इंजिनकडे बोट, तसाच राहिला तर चाकांकडे. उतारावर हा प्रयोग करायचा नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची तर नाहीच नाही.

आवाज मोजताही येतो. तुझ्या गाडीचं 12 इंची चाक एका फेऱ्यात साधारण 1.7 मीटर पुढे जातं, म्हणजे ताशी 10 किलोमीटरच्या वेगाला ते सेकंदाला दीडएक फेरा मारतं. टक्... टक्... असा मोजता येणारा आवाज वेगाबरोबर भरभर होत गेला तर तो चाकाचा. इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी सेकंदाला तेराचौदा फेरे घेतं, ते कानाला मोजता येत नाहीत, त्याची खरखर नाहीतर गुणगुण होते. चाकाचा टक् टक् डांबरावर येऊन मातीवर थांबला तर टायरच्या नक्षीत खडा अडकलाय का बघ. गाडी पूर्ण वळवतानाच कटकट येत असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय का ते बघ. उडालं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटलंय. आणि वेगाबरोबर वाढणारी घूं अशी घरघर उजवीकडे वळताना चढत असेल आणि डावीकडे वळताना उतरत असेल तर डाव्या चाकाचं बेअरिंग तपासायला सांग, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर जातं.

तुझ्या त्या भागातल्या पावसाचे आवाज वेगळेच. रात्रभर गाडी पावसात उभी राहिली की ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. सकाळी पहिले चार-दोन ब्रेक घासल्यासारखे वाजतात आणि मग गप्प होतात, त्याला घाबरू नकोस. गप्प झाले नाहीत तर पॅड बघून घे. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये बारीक खडी अडकली तर अंगावर काटा येईल असं किंचाळतं, आणि गाडी थोडी मागे घेतली की पुष्कळदा खडी आपोआप पडते. थंड, ओल्या सकाळी गाडी सुरू करताना चीं वाजून मिनिटाभरात थांबलं तर बेल्ट. आणि पावसाळ्यात गाडी दिवसचे दिवस हँडब्रेकवर उभी करू नकोस, मागचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागा बघ, पहिल्या गिअरमध्ये ठेव, चाकाला दगड लाव.

आता जे सांगते ते मात्र ऐकायचंच. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखं झालं, स्टिअरिंगमध्ये खट् होऊन चाक सैल वाटलं, किंवा चाकातून ढकढक यायला लागली, तर शाळेला उशीर होईल म्हणून पुढे रेटायचं नाही. सावकाश बाजूला घे, थांब, चाकाचे चारही नट पान्याने आवळून बघ. नट घट्ट असूनही आवाज राहिला तर गाडी तिथेच ठेव आणि फोन कर. सातवाहनांच्या काळापासून बैलांचे तांडे नाणेघाटाने कोकणात उतरत आले, पण मोटारीचा रस्ता घाटघरच्या पुढे घाटमाथ्यावर संपतो. पलीकडून मदत येणार नाही. जो मिस्त्री येईल तो जुन्नरहूनच. म्हणून निघायच्या आधी त्याचा नंबर कागदावर लिहून ठेव, रेंजचा भरवसा नाही, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावावा लागेल. अंधार पडला असेल तर गाडीखाली डोकं घालून बसू नकोस, काचा लावून आत बस. जुन्नर तालुक्यातल्या बिबट्यांचं तुला मी नव्याने सांगायला नको. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, दिवसा असो की रात्री.

मिस्त्रीकडे जाशील तेव्हा "लिंक रॉड बदला" असं सांगू नकोस. तसं सांगितलंस तर तो बदलेल, पैसे घेईल, आणि आवाज राहिला तर म्हणेल, तुम्हीच सांगितलं होतं. त्याला सांग, "डावी चाकं डांबरावरून खाली उतरली की खट् वाजतं, दोन्ही चाकं बरोबर गेली की वाजत नाही. तुम्ही माझ्याबरोबर चला, ऐकवते." त्याला शेजारी बसवून आपटाळ्याच्या पुढे, जिथे आवाज येतो तिथेच ने. त्याचा तासभर जाईल, त्या तासाचे पैसे आधी ठरवून दे. चार पार्ट अंदाजाने बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. जो माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसून मन लावून ऐकतो ना, त्याला सोडू नकोस.

परत आल्यावर गाडी पिटवर घ्यायला सांग, चारही चाकांवर उभी. एकाच बाजूने जॅक लावला तर बार पिळला जातो, लिंक ताणात राहते आणि ढिलेपणा हाताला लागत नाही. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असताना खालून लिंक धरून हलवली की झिजलेला सांधा लगेच कळतो. तू स्वतः खाली उतरून हात लावून बघ. साडीचोळीचा, ग्रीसचा विचार करू नकोस, जुना ड्रेस घालून जा. आणि एका वेळी एकच काम करून घे. लिंक, बुश, शॉकॲब्सॉर्बर सगळं एकदम बदललं तर आवाज कशाने गेला ते कुणालाच कळणार नाही, आणि तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

गाडी विकून टाक म्हणणाऱ्यांना सध्या काही उत्तर देऊ नकोस. पुढच्या वर्षी 15 वर्षं पूर्ण होतील, पासिंग करून घेतलं की आणखी 5 वर्षांची मुदत मिळते. इंजिन चांगलं आहे, पत्रा सडलेला नाही. एका खट् आवाजापायी ती काढायची आणि पुन्हा जीपमध्ये दाटीवाटीने बसून, शेवटची जीप चुकेल म्हणून मुलांना अर्धवट सोडून पळायचं, हे मला पटत नाही.

शनिवारी दुपारी मिस्त्रीची वेळ घे. काम झालं की जुना पार्ट मागून घे, आपल्या पैशाचा आहे, आणि सांध्याचा जवळून फोटो काढून मला पाठव. त्याच संध्याकाळी घाटघरपर्यंत एक चक्कर मार, आणि समोरून जीप आली की काय झालं ते घरी पोचल्यावर फोन करून सांग.