तिकीट घेण्याआधी

रॉटरडॅम

चि. बंड्यास,


ताईचा फोन आला होता. तुला थेट नगराध्यक्षपदाचं तिकीट देऊ करताहेत आणि आठवडाभरात हो-नाही सांगायचं आहे, असं ती म्हणाली. तिला काळजी, तुझ्या बाबांना हुरूप, आणि तुला म्हणे मामाचं मत हवंय. देतो. पण पत्रानं देतो. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणत दुसरीकडे मेसेज वाचत असतोस, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पक्षवाले तुझ्याच दारात का आले, ते आधी बघ. रात्री साडेआठला केबलवर तू बातम्या वाचतोस, त्यामुळे तुझा चेहरा गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात पोचलाय. उमेदवाराची ओळख करून देण्यातच प्रचाराचा निम्मा पैसा जातो, तो त्यांचा वाचणार. त्यांचा हिशेब चोख आहे. तुझा हिशेब मात्र तुलाच मांडायला हवा, आणि त्यासाठी एका माणसाची गोष्ट तुला नीट सांगायची आहे.

मी राहतो त्या शहराचा महापौर पावणेसोळा वर्षं एक माजी बातमीदार होता. अहमद अबुतालेब. जन्म 1961चा, मोरोक्कोच्या रिफ डोंगराळ भागातल्या खेड्यातला. वडील इमाम. पंधराव्या वर्षी, 1976 साली, आई आणि भावंडांबरोबर हा मुलगा नेदरलँड्सला आला तेव्हा त्याला डच येत नव्हतं. पुढे टेलिकम्युनिकेशनचं तांत्रिक शिक्षण घेतलं आणि तारा-यंत्रं सोडून माइक हातात धरला. व्हेरोनिका, मग एनओएस या सार्वजनिक संस्थेचा रेडिओ, मग आरटीएलच्या बातम्या. यातली व्हेरोनिका मूळची समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून चालणारी चोरटी रेडिओ वाहिनी. तिच्यावर सगळी तरुण पिढी जीव टाकायची.

पण जिना कसा चढला, ते बघ. स्टुडिओतून उठून तो खुर्चीत बसला नाही. आधी मंत्रालयात प्रसिद्धी अधिकारी झाला. मग कामगार आणि मालक जिथे एकत्र बसून सरकारला सल्ला देतात त्या सामाजिक-आर्थिक परिषदेत काम केलं. 1998 साली ‘फोरम’ या बहुसांस्कृतिक प्रश्नांवरच्या संस्थेचा संचालक. मग अॅमस्टरडॅम पालिकेत अधिकारी. 2004 साली तिथल्याच कार्यकारी मंडळात सदस्य, 2007 साली केंद्रात सामाजिक व्यवहार खात्याचा राज्यमंत्री, आणि 5 जानेवारी 2009 रोजी रॉटरडॅमचा महापौर. ज्या कागदांवर तो एके काळी बातम्या करत होता, तेच कागद त्यानं पुढे वर्षानुवर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं लिहिले, तपासले, मंजूर करून घेतले. लोक त्याच्या वक्तृत्वाचं कौतुक करतात. मला या मधल्या, कुणाला न दिसलेल्या वर्षांचं जास्त वाटतं.

इथली पद्धत तुझ्याकडच्यापेक्षा अगदी वेगळी आहे, म्हणून आंधळी तुलना करू नकोस. इथे महापौर मतपेटीतून येत नाही. जागा रिकामी झाली की जाहिरात निघते, लोक नोकरीसारखे अर्ज करतात, प्रांतातला राजाचा प्रतिनिधी ते चाळतो, नगरसभेची समिती बंद दाराआड मुलाखती घेते आणि नगरसभा नावाची शिफारस करते. त्या मुलाखतीतलं बाहेर फोडणं हा गुन्हा आहे. मग सरकार सहा वर्षांसाठी नेमणूक करतं. हा महापौर नगरसभेचं अध्यक्षस्थान भूषवतो, पण तिथे त्याला मत नसतं. मात्र शहराची सार्वजनिक सुव्यवस्था त्याच्या हातात असते. पोलिसप्रमुख आणि सरकारी वकील यांच्याबरोबर बसून कुठे किती बंदोबस्त ठेवायचा, कुठली सभा कुठे होऊ द्यायची, हे तो ठरवतो. तुझं उलट. तू लोकांतून थेट निवडून येशील, पण सभागृहात बहुमत दुसऱ्याचं असू शकेल. मुख्याधिकारी राज्य सरकारचा, आणि पोलिस तर तुझ्या कक्षेतच नाहीत. तुझ्याकडे अधिकार बेताचे आणि अपेक्षा डोंगराएवढ्या. अशा खुर्चीत बसलेल्याला माइकचा मोह सगळ्यांत जास्त होतो, कारण बोलायला कुणाची मंजुरी लागत नाही.

आता अबुतालेबच्या एका वाक्याबद्दल. 7 जानेवारी 2015 रोजी पॅरिसमध्ये ‘शार्ली हेब्दो’ साप्ताहिकाच्या कचेरीत अतिरेक्यांनी पत्रकार आणि व्यंगचित्रकारांना गोळ्या घातल्या. त्याच रात्री अबुतालेब ‘निउसूर’ या बातम्यांच्या कार्यक्रमात बोलला. ज्यांना इथलं स्वातंत्र्य सोसत नाही त्यांनी सामान बांधावं आणि चालतं व्हावं, असा त्याचा आशय. शब्द मात्र शिष्टाचाराचे नव्हते, चिडलेला बाप घरात वापरतो तसे होते. जगभर ते गाजलं. लंडनचा तेव्हाचा महापौर बोरिस जॉन्सन यानं त्याला डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये मोरोक्कन वंशाचे माझे दोन सहकारी एकाच टेबलावर बसले होते. एक म्हणाला, “आमच्यातल्या कुणीतरी हे बोलायलाच हवं होतं.” दुसरा कॉफी ढवळत राहिला आणि म्हणाला, “माझा मुलगा याच शहरात जन्मला. त्यानं सामान बांधून जायचं कुठे?” वाक्य एकच, पण एकाला ढाल मिळाली आणि दुसऱ्याच्या पोराकडे बोट गेलं. बातमीदाराचं वाक्य ऐकणारा फार तर चॅनल बदलतो. महापौराचं वाक्य ऐकणारा मनात विचारतो, या गावात माझी जागा शिल्लक आहे ना?

तरीही ते वाक्य अबुतालेबला पेलवलं. का, ते सांगतो. 2 नोव्हेंबर 2004 रोजी अॅमस्टरडॅममध्ये भर रस्त्यात थिओ व्हॅन गॉग या चित्रपट दिग्दर्शकाचा खून झाला. चित्रकार व्हॅन गॉगच्या भावाचा हा पणतू. खुनी मोरोक्कन वंशाचा होता. सगळा देश पेटलेला असताना अबुतालेब मशिदीत गेला आणि ज्यांना इथल्या मोकळ्या समाजाची मूल्यं मान्य नाहीत त्यांना इथे जागा नाही, असं तिथे जमलेल्यांना समोरासमोर सांगून आला. त्याला संरक्षण घेऊन फिरावं लागलं. म्हणजे 2015चं बोलणं कॅमेरा दिसला म्हणून तोंडातून निसटलेलं नव्हतं. जे बोलायचं ते त्यानं दहा वर्षं आधी आपल्या माणसांत, त्यांच्या डोळ्यांत बघून बोलून घेतलं होतं. तुला काही कडू सांगायचं असेल, तर आधी त्या गल्लीत जा, तिथल्या ओट्यावर बस आणि सांग. साडेआठच्या बातम्यांतून गल्लीला सुनावणं सोपं असतं, कारण गल्लीला उलट बोलता येत नाही.

आणि हे काही लाडक्या पाहुण्यासारखं स्वागत झालेल्या माणसाचं सांगत नाही. रॉटरडॅम हे पिम फोर्तानचं शहर. स्थलांतरितांवर कडाडून बोलणारा हा प्राध्यापक टीव्हीवर लोकप्रिय झाला. 2002च्या मार्चमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली ‘लेफबार रॉटरडॅम’नं पालिका जिंकली, आणि 6 मे रोजी हिल्व्हरसमच्या प्रसारण संकुलात रेडिओची मुलाखत देऊन बाहेर पडताना त्याचा खून झाला. त्यानंतर जेमतेम सात वर्षांनी याच शहरावर मोरोक्कन वंशाचा, दोन पासपोर्ट असलेला मुसलमान महापौर आला. हे मक्केत डच महापौर बसवण्याइतकं विचित्र आहे, अशा अर्थाचं गीर्ट विल्डर्स बोलला. फोर्तानच्या पक्षाच्या नेत्यानं तर पदग्रहणाच्या दिवशीच पासपोर्टचा विषय काढला. अबुतालेबनं त्यांच्याशी चर्चेचे फड रंगवले नाहीत. पुढे नगरसभेच्या शिफारशीवरून 2015 आणि 2021 साली त्याची फेरनेमणूक झाली. विरोधक सगळे मित्र झाले असं नाही, पण पासपोर्टपेक्षा कामाबद्दल जास्त बोलणं होऊ लागलं.

खरी परीक्षा मात्र पहिल्याच वर्षी झाली. 22 ऑगस्ट 2009 रोजी हुक फान हॉलंडच्या किनाऱ्यावर नाचगाण्याचा मोठा कार्यक्रम होता. हुल्लडबाजांनी पोलिसांवर हल्ला चढवला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, एक तरुण गेला. स्वतंत्र चौकशी झाली, तयारी कमी पडल्याचं दिसलं आणि नगरसभेत महापौराला उत्तरं द्यावी लागली. बंड्या, तू अशा घटनेवर तीन मिनिटांचा उत्तम वृत्तांत दिला असतास आणि दुसऱ्या दिवशी पाणीटंचाईवर गेला असतास. तुझा धंदाच तसा आहे, त्यात दोष नाही. महापौराला पुढच्या बातमीवर जाता येत नाही. अहवाल येतो तेव्हा तो तिथेच असतो, वर्षश्राद्धालाही तिथेच असतो.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. प्रसारणानं तुला तीन चांगल्या सवयी लावल्यात: प्रश्न नेमका विचारणं, ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय न बोलणं आणि थोडक्यात सांगणं. या तिन्ही खुर्चीत सोन्याच्या आहेत, त्या सोडू नकोस. पण विषय सोडून पुढे जायची सवय मात्र उंबऱ्याबाहेर ठेव. ती आत आणलीस तर दर आठवड्याला नवी घोषणा करशील, आणि जुन्या घोषणेची नस्ती मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर धूळ खात पडेल.

आता कामाचं. हो म्हणायचं असेल, तर म्हणशील त्या दिवसापासून बातम्या वाचणं बंद कर, आणि का बंद करतोयस ते प्रेक्षकांना सांगून बंद कर. उमेदवाराच्या तोंडून बातमी ऐकायची वेळ गावावर येऊ नये. 1965चा नगरपरिषदा अधिनियम मिळव आणि नगराध्यक्षाला काय करता येतं, काय येत नाही, हे दोन रकान्यांत स्वतःच्या हातानं लिही. दुसरा रकाना लांब होईल, तो भाषणाला जाताना खिशात असू दे. गेल्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं माग. तू तिथे बातमीदार म्हणून बसायचास तेव्हा भांडण झालं की टिपायचास आणि ठराव वाचायला लागले की चहाला उठायचास, हे तूच मला हसत सांगितलं होतंस. आता फक्त ठराव वाच. मंजूर झालेल्यांतले किती प्रत्यक्षात उतरले आणि बाकीचे कुठे अडले, एवढं शोधलंस तरी गावाचा कारभार तुला कळेल.

निवडून आलास, तर फेसबुक लाइव्ह ही सर्वसाधारण सभेची जागा घेणार नाही, हे स्वतःशी ठरवून टाक. सभेत जे बोलतोस ते इतिवृत्तात जातं आणि सहा महिन्यांनी कुणीही ते तुझ्यापुढे ठेवू शकतं. आणि तुझ्याच जुन्या वाहिनीचा एखादा पोरगा माइक घेऊन आला, तर त्याला आडवळणाचं उत्तर देऊ नकोस. कुठल्या उत्तरात पाणी घातलंय हे त्याला कळतं, कारण ते तूच त्याला शिकवलंयस.

वय कमी आहे म्हणून नाही म्हण, असं मी म्हणणार नाही. पण नगरसेवक म्हणून एक मुदत आधी काढायला मिळत असेल तर ती काढ. आपल्या प्रभागाची घंटागाडी, एक तुंबलेलं गटार, दिवसाआड येणारं पाणी यांच्यामागे पाच वर्षं धावलास, की नगराध्यक्षपदाचं तिकीट मागायला तुझ्याकडे आवाजाखेरीज आणखी काहीतरी असेल. पक्षवाल्यांना उद्याच विचार: नगरसेवकाचं तिकीट देता का? ते हसले, तर त्यांना तू नकोयस, तुझा साडेआठचा चेहरा हवाय, हे उघड झालं. मग नकार द्यायला आठवडाही लागणार नाही.

ते काय म्हणाले ते कळव. ताईला आणि बाबांना नमस्कार.

कळावे,
तुझा मामा